गुण कोणत्या अंगात?

पंचांग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खुंटीला अडकवलेले, तिथी-वार-नक्षत्र सांगणारे पुस्तक उभे राहते. वैद्याच्या घरी मात्र पंचांग म्हणजे निराळेच. मूळ, साल, पान, फूल आणि फळ ही झाडाची पाच अंगे, ते त्याचे पंचांग. जुन्या वैद्याकडे आपण औषधाला गेलो, तर तो नुसते झाडाचे नाव सांगून गप्प बसत नाही. कुड्याची सांगेल तर साल सांगेल, अडुळशाचे सांगेल तर पान सांगेल, हिरड्याचे म्हणाल तर फळ. आणि क्वचित एखाद्या लहानशा वनस्पतीचे 'पंचांग घ्या' म्हणून सांगेल, म्हणजे मुळापासून शेंड्यापर्यंत सगळेच. घरी आल्यावर म्हातारी विचारते, 'अरे, साल नाही मिळाली तर पाला चालेल का? झाड तेच ना!'

म्हातारीचा प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर मिळवायला माणसाला चारशे वर्षे लागली, आणि त्या चारशे वर्षांत माणसे हजारोंनी मेली. त्यांत आपल्या सातारा-रत्नागिरीकडची पोरेही होती. आज मी तुम्हांला तीच हकीकत सांगणार आहे. एकाच रोगाची आहे, स्कर्व्हीची. आणि एकाच द्रव्याची आहे, ज्याला आपण आज 'क' जीवनसत्त्व म्हणतो.

आता एक शब्द आधीच समजावून घेऊ, कारण हल्ली तो औषधांच्या डब्यांवर, चहाच्या पुड्यांवर, कुठेही छापलेला दिसतो: अँटिऑक्सिडंट. वांगे चिरून ठेवले की काळे पडते. सफरचंदाची फोड तपकिरी होते. जुने तेल खवट होते. लोखंडाला गंज चढतो. या सगळ्यांत हवेतल्या प्राणवायूचा हात असतो. ज्या प्राणवायूवर आपण जगतो, तोच हळूहळू जाळतोही. हे जाळणे जी द्रव्ये स्वतःवर ओढून घेतात आणि बाकीच्यांना वाचवतात, ती अँटिऑक्सिडंट. 'क' जीवनसत्त्व त्यांतलेच एक. हळदीतला पिवळा रंग, आवळ्या-हिरड्यातला तुरटपणा, गाजरातला केशरी रंग ही त्यांची भावंडे. ही भावंडे झाडाच्या सगळ्या अंगांत सारखी वाटलेली नसतात. हळदीचेच पाहा. कोकणात श्रावणात पातोळे करतात ते हळदीच्या पानात. पानाचा वास काय सुरेख लागतो! पण त्या पानाने पातोळा पिवळा होत नाही. पिवळेपणा खाली मातीत, कंदात. झाड एक, पण वास वर आणि रंग खाली.

असो. आता स्कर्व्हीकडे वळू.

या रोगात हिरड्या सुजतात, काळवंडतात, त्यांतून रक्त येते. दात हलू लागतात. पायांवर काळेनिळे डाग पडतात. जुन्या, भरून आलेल्या जखमा पुन्हा उघडतात. आणि शेवटी माणूस उठून बसायला गेला तरी प्राण जातो. महिनोन्महिने ताजा भाजीपाला-फळ पोटात गेले नाही म्हणजे हा रोग होतो. त्यामुळे तो मुख्यतः खलाशांचा रोग. वास्को द गामा १४९८ च्या ऑक्टोबरात गोव्याच्या दक्षिणेच्या अंजदीव बेटावरून परत निघाला. वारा पडलेला, गलबते समुद्रात तशीच डोलत राहिली. आफ्रिकेचा किनारा गाठायला जवळजवळ तीन महिने लागले, आणि तेवढ्यात सुमारे तीस माणसे या रोगाने गेली. दर गलबतावर काम करण्याजोगी सातआठ माणसे उरली होती. मेलिंदे बंदरात पोचल्यावर आजाऱ्यांनी काय मागितले असेल? संत्री. शरीराला कळत होते. डोक्याला कळायला अजून शतके जायची होती.

पुढची गोष्ट त्याहून नवलाची आहे, आणि आपल्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. १५३५ साली झाक कार्तिए नावाचा फ्रेंच दर्यावर्दी आजच्या कॅनडात, क्वेबेकपाशी, नदीत अडकून पडला. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत गलबतांभोवती बर्फ. एकशे दहा माणसांपैकी पंचवीस मेली. धडधाकट अशी दहाही उरली नाहीत. तिथल्या आदिवासींपैकी दोमागाया नावाचा एकजण गुडघा सुजून आजारी पडलेला कार्तिएने पाहिला होता. दहाबारा दिवसांनी पाहतो तो तोच गडी ठणठणीत चालतो आहे! कार्तिएने मोठ्या युक्तीने विचारले, 'कशाने बरा झालास?' आपली माणसे आजारी आहेत हे त्याने लपवले. एका चाकराला बरे नाही, एवढेच सांगितले. दोमागायाने दोन बायका बरोबर दिल्या. त्यांनी नऊदहा फांद्या तोडून आणल्या आणि दाखवले: साल काढायची, पाने ओरबाडायची, दोन्ही पाण्यात उकळायची, एक दिवस आड तो काढा प्यायचा आणि चोथा सुजलेल्या पायांना बांधायचा.

फ्रेंच खलाशी आधी तोंडाला लावीनात. पण ज्यांनी लावले, ते दोनतीन वेळा पिऊनच उठून बसले. मग काय विचारता! काढ्यासाठी मारामारी सुरू झाली. फ्रान्समधल्या मोठ्यात मोठ्या झाडाएवढे ते झाड, आठवड्याच्या आतच सगळेच्या सगळे संपले.

झाडाचे नाव त्या लोकांच्या बोलीत 'अनेद्दा'. हे झाड नेमके कोणते, यावर विद्वान अजून वाद घालतात. सुरूसारखे किंवा देवदाराच्या जातीचे, बारा महिने हिरवे राहणारे झाड, एवढे नक्की. मला या गोष्टीत खरी मौज वाटते ती त्या दोन बायकांची. त्यांनी साल आणि पाने दोन्ही घेतली, लाकूड टाकले. आज आपण सांगू शकतो की 'क' जीवनसत्त्व होते ते मुख्यतः हिरव्या, कोवळ्या, सुईसारख्या पानांत. सालीत तुरट द्रव्ये होती. पण कोणते अंग घ्यायचे आणि कोणते टाकायचे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आणि तो अनुभव कोणी लिहून ठेवला नाही की नीट पुढे दिला नाही. त्याच मुलखाच्या पूर्व किनाऱ्यावर १६०४-०५ च्या हिवाळ्यात फ्रेंचांची दुसरी वसाहत बसली. एकोणऐंशी माणसांपैकी पस्तीस त्याच रोगाने मेली. सभोवार हिरवी झाडे उभी होती.

इंग्रजांच्या आरमारातल्या जेम्स लिंड या डॉक्टराची गोष्ट शिक्षकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. १७४७ साली त्याने बारा आजारी खलाशी घेतले, दोन-दोनांच्या सहा जोड्या केल्या, आणि प्रत्येक जोडीला निराळे औषध दिले. ज्यांना संत्री आणि लिंबे मिळाली, ते सहा दिवसांत सुधारले. फळे तेवढीच पुरली. तरी आरमाराने लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ साल उजाडले. आणि पुढे, १८६० च्या सुमारास, भूमध्य समुद्राकडची मोठी पिवळी लिंबे सोडून वेस्ट इंडीजमधली लहान हिरवी लिंबे घेतली. आंबट दोन्ही! आंबटपणाच औषध असेल अशी समजूत. १८७५ साली उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या इंग्रजी मोहिमेत हा हिरव्या लिंबांचा रस गलबतांवर असूनही लोक स्कर्व्हीने लोळले. पुढे १९१८ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी बायकांनी गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवले, की त्या हिरव्या लिंबाच्या रसाची शक्ती पिवळ्याच्या साधारण चौथाई. त्यात तो रस साठवलेला, शिळा. आंबटपणा जिभेला कळतो; गुण जिभेला कळत नाही.

आता ज्यासाठी ही सगळी प्रस्तावना केली, त्या गोष्टीवर येतो.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून इराकात, त्या वेळच्या मेसोपोटेमियात, जी फौज गेली, तिच्यात सहावी डिव्हिजन होती. तिचे नावच 'पुणे डिव्हिजन'. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. घाटावरचे, कोकणातले गडी. ७ डिसेंबर १९१५ रोजी तैग्रिस नदीकाठच्या कुत या गावात तुर्कांनी या फौजेला वेढा घातला. तो वेढा जवळजवळ पाच महिने चालला. २९ एप्रिल १९१६ ला सेनापती टाउनशेंडने शरणागती पत्करली.

त्या वेढ्यात एक चमत्कारिक गोष्ट घडली. एकाच गावात, एकाच तोफांच्या माऱ्याखाली कोंडलेल्या फौजेत दोन निराळे रोग निघाले. गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाला: पाय सुजणे, पाय लुळे पडणे, हृदय दुबळे होणे. देशी शिपायांना झाला स्कर्व्ही. असे का व्हावे? गोऱ्यांना पांढऱ्या मैद्याचा पाव. त्या मैद्यातून गव्हाचा कोंडा आणि कोंब काढून टाकलेले, आणि बेरीबेरीपासून वाचवणारे जीवनसत्त्व नेमके त्याच अंगांत असते. आपल्या शिपायांना कोंड्यासकट आटा. म्हणून त्यांना बेरीबेरी झाला नाही. पुढे पांढरे पीठ संपले, गोऱ्यांनाही जव आणि आटा खावा लागला, आणि त्यांचा बेरीबेरी ओसरला! उलट गोऱ्यांनी घोड्याचे ताजे मांस खाल्ले, म्हणून ते स्कर्व्हीपासून बरेचसे वाचले. आपल्या शिपायांनी ते खाल्ले नाही. गावी परत गेल्यावर जातीत घेणार नाहीत, पोरीबाळींची लग्ने अडतील, ही भीती. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने परवानगी मागवली; तरी कित्येक दिवस शिपाई तयार होईनात. अखेर एप्रिलात पुष्कळांनी खाल्ले, पण तोवर उशीर झाला होता. हजाराहून अधिक देशी शिपाई स्कर्व्हीने इस्पितळात पडले. मैदानात उगवलेला रानपाला डॉक्टरांनी गोळा करून शिजवून दिला, तेवढाच आधार.

त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार वाटत नाही. ज्याच्या घरी पत्र जाणार आणि ज्याची माय गावात राहणार, त्यालाच ती भीती ठाऊक. पण एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. शिपायाच्या शिध्यात डाळ होती. डाळ ही वाळलेली, फोडलेली. तिच्यात 'क' जीवनसत्त्व नाही म्हटले तरी चालेल. आता त्याच ठिकाणी अख्खी मटकी, मूग किंवा मसूर असते. कोणी ते रात्री भिजत घालून, ओल्या फडक्यात बांधून दोन दिवस ठेवले असते. मोड आले असते. आणि ते कच्चे किंवा जेमतेम वाफवून खाल्ले असते, तर? जी युक्ती आपल्या घराघरांतल्या बायकांना उसळीसाठी ठाऊक होती, ती शिध्याचे कागद लिहिणाऱ्या साहेबांना ठाऊक नव्हती. आणि बायकांना तरी कुठे ठाऊक, की मोड हे औषध आहे!

कोरडे बी म्हणजे झोपलेले झाड. झोपेत त्याला 'क' जीवनसत्त्वाचे काम नसते आणि ते साठवून ठेवलेलेही नसते. पाणी लागले, कोंब हलला, श्वास जोरात सुरू झाला, की ते आतल्या आत तयार होऊ लागते. कालपर्यंत जे नव्हते ते आज आहे. नॉर्वेच्या फ्युर्स्ट या संशोधकाने १९१२ मध्ये हे गिनीपिगांवर दाखवून दिले होते. युद्धाच्या काळात चिकबाई आणि त्यांच्या सहकारी एलेन डेल्फ यांनी वाटाणा-मसुरावर ते पुन्हा पडताळले. १९१८ मध्ये विल्टशायर नावाच्या डॉक्टराने सर्बियन शिपायांना मोड आलेला घेवडा दिला आणि तो लिंबाच्या रसाला मागे सारणारा ठरला. पण कुत पडून तोवर दोन वर्षे होऊन गेली होती, आणि तिथले कित्येक गडी तुर्कांच्या कैदेत वाळवंटात मेले होते.

याच चिकबाईंनी १९१९ मध्ये आपल्याकडच्या तीन जिनसाही तपासल्या, हे वाचून कोकणातल्या माणसांना गंमत वाटेल: चिंच, कोकम आणि आमचूर. हिंदी फौजेला ताजी फळे पोचवणे अवघड, तेव्हा या वाळलेल्या आंबट जिनसा चालतील का, हा प्रश्न होता. उत्तर आले की गुण आहे, पण थोडका. ताज्या लिंबाशी बरोबरी नाही. उन्हात वाळवताना, हवा लागताना तो उडून जातो. आंबटपणा मात्र राहतो. पुन्हा तेच: जीभ फसते.

इथवर सगळे लोक गुण मोजत होते, पण गुणाचे द्रव्य कोणी पाहिलेले नव्हते. ते पाहिले हंगेरीच्या आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी. आणि त्यांना ते सापडले ते स्कर्व्हीच्या मागे लागून नव्हे! त्यांना कोडे पडले होते ते आपल्या स्वयंपाकघरातलेच. बटाटा, सफरचंद चिरले की काळे पडते; लिंबू-संत्रे का पडत नाही? त्यांनी पाहिले की लिंबाच्या रसात असे काही आहे जे हे काळे पडणे अडवून धरते. १९२८ मध्ये केंब्रिजला असताना त्यांनी ते द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. जनावरांच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून, आणि कोबी-संत्र्यांतूनही. साखरेच्या जातीचे दिसते, पण काय आहे कळत नाही. म्हणून त्यांनी त्याला 'ठाऊक नाही' अशा अर्थाचे थट्टेचे नाव सुचवले. संपादकांनी नाकारले. मग त्यांनी 'देवाला ठाऊक' अशा अर्थाचे नाव सुचवले! तेही नाकारले गेले. हेच 'क' जीवनसत्त्व, हे १९३२ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत आणि त्याच सुमारास अमेरिकेत किंग यांच्याकडे सिद्ध झाले.

पण पुढे कामाला द्रव्य पुष्कळ हवे, आणि ग्रंथींतून मिळायचे ते चिमूटभर. त्या वेळी ते हंगेरीतल्या सेगेद गावी होते. ते गाव तिखट नसलेल्या लाल मिरचीचे. एके रात्री बायकोने जेवणात ताजी मिरची वाढली. त्यांना ती खावीशी वाटेना, बायकोला तसे सांगवेना; तेव्हा 'ही मी अजून तपासलीच नाही' म्हणून ते ती प्रयोगशाळेत घेऊन गेले. मध्यरात्रीपर्यंत कळून चुकले की ही तर खाणच आहे. काही आठवड्यांत किलोच्या हिशेबाने द्रव्य हाती आले. १९३७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. मिरची आपल्याकडेही परदेशातूनच आलेली, अमेरिकेतून, पोर्तुगिजांच्या हातून. आपल्या जुन्या अन्न-तक्त्यांत शंभर ग्रॅम ओल्या हिरव्या मिरचीत १११ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व दिले आहे आणि वाळलेल्या मिरचीत ५०. वाळताना पाणी जाऊन मिरची हलकी होते, तरी आकडा वाढायच्या ऐवजी निम्म्याखाली येतो. इतके ते नाजूक आहे.

एकदा द्रव्य हाती आल्यावर ते कोणत्या झाडाच्या कोणत्या अंगात किती, हे मोजणे सोपे झाले. १९३७ मध्ये कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून आयक्रॉइड यांनी हिंदी अन्नांचे तक्ते छापले. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने ते वाढवले. हे तक्ते शाळेत असावेत असे मला फार वाटते, कारण कादंबरीसारखे वाचता येतात. कोथिंबिरीच्या शंभर ग्रॅम पानांत १३५ मिलिग्रॅम. त्याच झाडाच्या धन्यांत शून्य. शेवग्याच्या पाल्यात २२०, शेंगेत १२०. मुळ्याच्या पाल्यात ८१, आणि ज्याच्यासाठी आपण मुळा विकत घेतो त्या पांढऱ्या कांडीत १५. काजूच्या बोंडात १८०, काजूगरात काही नाही. बाजारात भाजीवाली पाला खुडून टाकते आणि आपण 'टाक टाक, ओझे नको' म्हणतो, तेव्हा आपण काय टाकतो हे या आकड्यांवरून पाहा.

असे का, हेही आता बरेचसे उलगडले आहे. पान दिवसभर उन्हात काम करते. सूर्याचा प्रकाश पकडताना पानाच्या आतच प्राणवायूची तिखट, जाळणारी रूपे तयार होतात. त्यांच्यापासून वाचायला पानाला 'क' जीवनसत्त्व आणि गाजरातल्यासारखी केशरी द्रव्ये लागतात. हिरव्या रंगाखाली ती झाकलेली असतात एवढेच. मुळाला अंधारात ऊन नाही, म्हणून तेवढी गरज नाही. बियांत तेल असते. तेल खवट होऊ नये म्हणून तिथे निराळे द्रव्य, 'ई' जीवनसत्त्व. सालीला किडे, बुरशी, गुरांची तोंडे यांच्याशी झुंजायचे. तिथे तुरट द्रव्ये. ज्या अंगाला जो धोका, त्याप्रमाणे त्या अंगाचा बंदोबस्त. झाड आपल्यासाठी औषध करत नाही. ते स्वतःसाठी करते, आपण त्यातले उचलतो.

आणि आता आवळा. तुळशीच्या लग्नाला चिंच-आवळा लागतो, कार्तिकात आवळीखाली जेवायला बसतो, मोरावळा बरणीत असतो. च्यवनप्राशाच्या चरकाच्या कृतीत पाचशे आवळे सांगितले आहेत. १९४० च्या सुमारास तेव्हाच्या पंजाबातल्या, आज हरियाणात असलेल्या हिसार जिल्ह्यात दुष्काळ पडला, हिरवे काही उरले नाही आणि लोकांना स्कर्व्ही झाला. तेव्हा आवळा देऊन रोगी बरे केले गेले. कुतमध्ये जे जमले नाही ते इथे जमले. चोवीस वर्षांचे अंतर.

पण आवळ्याच्या आकड्याची गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. जुन्या तक्त्यांत शंभर ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्याच २०१७ च्या नव्या तक्त्यांत २५२. आवळा बिघडला का? तसे नव्हे. जात निराळी, फळ कोवळे की जून, तोडून किती दिवस झाले, याने फरक पडतोच. शिवाय जुनी मोजण्याची रीत अशी, की एका निळ्या रंगाच्या द्रावणात रस टाकायचा आणि तो रंग किती जातो ते पाहायचे. रंग घालवण्याचे काम 'क' जीवनसत्त्व करते, पण आवळ्यातली तुरट द्रव्येही थोडेफार करतात. दोघांचे काम एकाच्या नावावर लिहिले जाऊ शकते. १९९० नंतर तर काहींनी असे मांडले, की आवळ्याचा गुण मुख्यतः या तुरट द्रव्यांचाच. मग दुसऱ्यांनी नव्या यंत्रांनी मोजून दाखवले की 'क' जीवनसत्त्वही खरेच आहे आणि त्याचा वाटा मोठा आहे. माझ्या मते दोघेही आपापल्या परीने बरोबर. तुरट द्रव्ये आवळ्याच्या फळात आहेत तशी पानांत आहेत, सालीतही आहेत; कोवळ्या डहाळीच्या सालीत तर खोडाच्या सालीच्या दुपटीहून अधिक. म्हणून कातडी कमावायला साल-पाला चाले. पण स्कर्व्ही झालेल्या माणसाला आवळीची साल उकळून पाजली, तर तोंड तुरट होईल, रोग जाणार नाही. म्हातारीच्या प्रश्नाचे हे उत्तर: नाही आजी, नेहमी चालत नाही.

एक सावधगिरी सांगायलाच हवी. ही द्रव्ये चांगली, म्हणून ती गोळ्या करून भरपूर खावीत, असे कोणी सांगू लागले तर हात आखडता घ्या. फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. त्यांतल्या काहींना गाजरातल्या केशरी द्रव्याच्या गोळ्या वर्षानुवर्षे दिल्या. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा. १९९४ मध्ये निकाल आला, तो असा की गोळ्या घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्के जास्त! काचेच्या नळीत जे वाचवते ते शरीरात वाचवीलच असे नाही. गाजर खावे, भाजी खावी. डब्यावरच्या मोठ्या अक्षरांना भुलू नये. आणि औषध म्हणून साल-मूळ घ्यायचे असेल तर जाणत्याला विचारून.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगून मी थांबतो. दुकानातून टिंक्चर आयोडीनची लहान बाटली आणा. ती हाताळायची तुम्ही. मुलांच्या हाती देऊ नका, आणि प्रयोगातले काही कोणी तोंडात घालायचे नाही. पाच पेल्यांत सारखे पाणी घ्या, प्रत्येकात आयोडीनचे पाच-पाच थेंब टाका. पाणी चहासारखे होईल. आता एकात लिंबाचा ताजा रस थेंब-थेंब सोडा आणि रंग जाईपर्यंत थेंब मोजा. दुसऱ्यात आवळ्याचा रस, तिसऱ्यात चिंचेचे पाणी. चौथ्यात दोन दिवस मोड आलेली मटकी वाटून, फडक्यातून गाळून घेतलेले पाणी. पाचव्यात नुसती रात्रभर भिजवलेली, मोड न आलेली मटकी तशीच वाटून. मटकीच्या पिठुळपणामुळे ते पाणी आधी निळे-काळे होईल; घाबरू नका, तो निळेपणा कोणत्या पेल्यात लवकर जातो एवढेच पाहा. आवळ्याचे थेंब मोजताना मुलांना आधीच सांगून ठेवा, की यांतले काही काम तुरटपणाचे आहे. थेंबांचे आकडे फळ्यावर लिहा. दुसऱ्या दिवशी तोच लिंबाचा रस, पण तांब्याच्या भांड्यात उकळून घेतलेला, पुन्हा मोजा, आणि कालच्या आकड्याशेजारी आजचा लिहा.